मयुरीचा कीबोर्ड

मयुरी गवईला टायपिंग कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, की जहांगीर आधी स्वतःचं नाव सांगायचा. त्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत तरी सांगायचा. त्यानंतर तो विषय निघाला की तो समोरचं काम पुढं ओढतो आणि स्क्रू शोधायला लागतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्यात, बस स्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. एका खोलीचं. पंचवीस वर्षं त्यानं टाइपरायटर दुरुस्त केले. काळी पेटी घेऊन एसटीनं हिंडायचा, मलकापूरपासून देऊळगाव राजापर्यंत. तहसील कचेऱ्या, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, टायपिंगच्या इन्स्टिट्यूटा, सगळीकडं त्याची ओळख. कोणत्या दांडीवर कोणतं अक्षर बसतं हे तो डोळे मिटून सांगायचा. मग कॉम्प्युटर आले आणि तीन-चार वर्षांत सगळं संपलं. ज्या मशिनी त्यानं लेकरासारख्या जपल्या होत्या त्या लोकांनी किलोनं विकल्या. त्यातल्या काही तर त्यानं स्वतःच हातगाडीवर घालून भंगारवाल्याकडं पोचवल्या.

पोट होतं, म्हणून तो कॉम्प्युटरची दुरुस्ती शिकला. पण चाळिशीत शिकणाऱ्या माणसाला आपण मागं पडलो हे रोज कुणी ना कुणी ऐकवतंच. मलकापूरच्या दुकानांतली पोरं त्याला पार्ट देताना म्हणायची, "चाचा, ही तुमची खटखट मशीन नाही, जपून." तो हसायचा. मनातून मात्र त्याला ते लागायचं.

अकोल्याला एकदा मुक्त सॉफ्टवेअरचं शिबिर झालं आणि तिथं त्याचा जन्मच पालटला, असं त्याची बायको गुलनार म्हणते. शिकवणाऱ्या पोरानं सांगितलं, हे कुण्या एकाच्या मालकीचं नाही, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. जहांगीरला हे पटकन समजलं. टाइपरायटरचंही तसंच होतं, झाकण काढलं की सगळं डोळ्यांसमोर. परतीच्या बसमध्ये त्याला बसवेना. घरी आल्यावर तो आठवडाभर दुसरं काही बोललाच नाही.

त्यानंतर त्यानं आणि निवृत्त मुख्याध्यापक शालिग्राम सरांनी मिळून जुने लॅपटॉप गोळा करायला सुरुवात केली. कुणाच्या पुण्याच्या कंपनीतून निघालेले, कुणा कॉलेजानं कपाटात टाकलेले, कुणाच्या घरी माळ्यावर पडलेले. जहांगीर ते उघडायचा, ब्रशनं धूळ काढायचा, पंखा साफ करायचा, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावायचा, दोन बिघडलेल्यांतून एक चालता करायचा आणि त्यात लिनक्स हे मुक्त सॉफ्टवेअर टाकून गरजूला द्यायचा. संग्रामपूरकडच्या एका शाळेत सहा गेले. गावोगावच्या आशा सेविकांना गेले, बचत गटाच्या बायकांना गेले. एक पैसा घेत नसे. अट एकच, यात चोरीचं सॉफ्टवेअर टाकायचं नाही.

आणि मराठी लिहायचं ते इनस्क्रिप्टवरच. हे तो अट म्हणून सांगत नसे, पण होतं तसंच. इनस्क्रिप्ट ही कॉम्प्युटरसाठी बसवलेली मांडणी, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. शिबिरात त्यानं ती पाहिली आणि हेच खरं असं त्याच्या मनानं घेतलं. टाइपरायटरवरून आलेली जुनी रेमिंग्टनची मांडणी म्हणजे त्याच्या लेखी मेलेली गोष्ट. प्रत्येक लॅपटॉपच्या कळांवर तो इनस्क्रिप्टची अक्षरं स्वतःच्या हातानं चिकटवायचा. सेटिंगमध्ये कीबोर्डची मोठी यादी असायची, ती काढून तो फक्त दोन ठेवायचा, एक इंग्रजी आणि एक इनस्क्रिप्ट. "लोकांचा गोंधळ काऊन वाढवायचा?" असं तो शालिग्राम सरांना म्हणाला होता.

फेब्रुवारीत एका बाजाराच्या दिवशी जनकाबाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. जवळच्या एका गावच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. मागं तिची पोरगी, बी.ए. झालेली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"जयभीम, जहांगीरभाऊ. तुम्ही लॅपटॉप वाटता म्हणते."

"जयभीम. वाटत नाही ताई, ज्याले काम हाये त्याले देतो. काय काम हाये?"

जनकाबाईनं पोरीकडं पाहिलं. पोरगी पुढं आली. "टायपिंग शिकाचं हाये. बुलढाण्याच्या एका संस्थेत क्लार्कची भरती निघून राह्यली. क्लासमंदी एकच तास भेटते, अन् गावाकडून सकाळची गाडी चुकली की तोही जाते, म्हणून क्लास लावला नाही."

"नाव काय तुझं?"

"मयुरी."

जहांगीरला ती पोरगी आवडली. डोळे खाली नव्हते तिचे. त्यानं तिच्यासाठी होते त्यातला चांगला लॅपटॉप काढला. त्याची एक कळ तुटली होती, ती दुसऱ्या मशिनीची काढून बसवली. दोन दिवस लावून त्यानं तो तयार केला आणि ती न्यायला आली तेव्हा शेजारी बसवून बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. तिनं 'कमल' लिहिलं, मग 'जनका' लिहिलं, आणि आईचं नाव पडद्यावर पाहून ती हसली.

तिचा हात फार लवकर बसला. दर आठवड्याला ती दुकानात डोकावायची, किती शब्द झाले ते सांगायची. बारा. सोळा. एकवीस. जहांगीर गुलनारला घरी आल्यावर तो आकडा सांगायचा. घरात ती दोघं उर्दूतच बोलायची. "इक्कीस हुए उसके," तो जेवायला बसता बसता म्हणायचा, आणि गुलनार म्हणायची, "माशाअल्लाह. अब हाथ धो लो."

एप्रिलच्या शेवटी मयुरी आली ती जरा वेगळीच दिसली. जहांगीरपुढं एक उघडलेला लॅपटॉप होता, बोटांना पेस्ट लागली होती.

"चाचा, एक विचारू का?"

"विचार ना."

"क्लासातल्या पोरी सगळ्या रेमिंग्टनवर करून राह्यल्या. तिथले सर म्हणते, भरतीच्या जाहिरातीत तेच हाये. आपल्या लॅपटॉपमंदी ते टाकता येईन का?"

जहांगीरनं मान वर केली. "रेमिंग्टन?"

"हाव."

"पोरी, तू जन्माले आली नव्हती तवापासून मी रेमिंग्टन पाहून राह्यलो. माही उमर गेली त्यात. मेलं ते. त्या क्लासवाल्यानं कुठून तरी चोरीचं सॉफ्टवेअर टाकलं असन, तेच शिकवून राह्यला तो."

तिनं फोन पुढं केला. "ही जाहिरात पाहा ना."

त्यानं मनगटानं घाम पुसला, दोन बोटांनी फोन धरला. पाच-सहा पानांची जाहिरात होती. वरचं संस्थेचं नाव त्यानं वाचलं, 'संगणकावर मराठी टंकलेखन चाचणी' एवढी ओळ वाचली आणि फोन परत दिला.

"संगणकावर लिहिलं हाये पाय. संगणक म्हटल्यावर इनस्क्रिप्ट राहीनच. सरकारनंच ठरवलेलं हाये ते."

"पण मांगच्या पानावर..."

"मांगच्या पानावर जुनंच छापते ते. दर साली तोच कागद."

"दोन्ही ठेवले तर चाचा? एक तास हे, एक तास ते."

"दोन्हीनं हात बिघडते. एकावर ध्यान दे. माह्यावर भरोसा हाये का नाही?"

मयुरीचा अंगठा फोनवर होता, जणू ती ते मागचं पान उघडणारच होती. मग तिनं फोन पर्समध्ये टाकला.

"हाये ना चाचा," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा तिचे अठ्ठावीस शब्द झाले होते.

जूनमध्ये शालिग्राम सरांनी पंचायत समितीच्या सभागृहात एक छोटा कार्यक्रम ठेवला. दहा लॅपटॉप द्यायचे होते. पाहुणे आले, हार झाले, आणि जहांगीरनं सगळ्यांसमोर मयुरीला टेबलाशी बसवलं. घड्याळ हातात धरून तो शेजारी उभा राहिला. एका मिनिटात तिनं छत्तीस शब्द लिहिले, दोनच चुका. टाळ्या वाजल्या. मयुरीनं मान वळवून आधी त्याच्याकडं पाहिलं. जहांगीरचा ऊर भरून आला. तो माइकवर बोलला, जन्मात पहिल्यांदा. म्हणाला, "आमचे दिवस खटखट करण्यात गेले. ही पोरगी बघा कुठं चालली." तो व्हिडिओ गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. मलकापूरच्या दुकानातल्या पोरानंही त्याला फोन करून 'भारी चाचा' म्हटलं.

लेखी परीक्षा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली. मयुरी यादीत दुसरी आली. जागा चार होत्या. आता फक्त टायपिंगची चाचणी राहिली होती, आणि त्यात तीस शब्द पुरे होते. जनकाबाई पेढ्याचा पुडा घेऊन दुकानात आली. जहांगीरनं तिला सांगितलं, "खरे पेढे मी देईन, थांबा."

पोळा झाला आणि दोन दिवसांनी चाचणी होती. जहांगीर सकाळपासून फोन जवळ ठेवून बसला. बुलढाण्याच्या वाटेवर राजूरच्या घाटात रेंज जाते, असं म्हणत दुपारपर्यंत त्यानं स्वतःची समजूत घातली. दुपारनंतर त्यानं दोनदा फोन लावला. उचलला नाही. दमली असेल, त्यानं विचार केला. दुसऱ्या दिवशीही फोन लागला नाही.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. जनकाबाई गल्लीतून गेली. दुकानाकडं तिनं पाहिलं नाही. जहांगीर उठून रस्त्यावर आला.

"जनकाबाई! ओ ताई!"

ती थांबली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"काय झालं मयुरीचं?"

"काय होते भाऊ. टायपिंगमंदी उडाली."

"उडाली? छत्तीस शब्दाची पोरगी उडाली? मशीन खराब असन तिथली."

"मले काय समजते त्यातलं," जनकाबाई म्हणाली. "तीन दिवस झाले, नीट जेवली नाही पोरगी." आणि ती बाजाराकडं निघून गेली.

जहांगीरनं दुकानाला कुलूप लावलं आणि गाडीला किक मारली. वाटेत त्याच्या डोक्यात अर्जाचा मजकूर तयार होत होता. शालिग्राम सरांची सही घ्यायची, माहितीचा अधिकार टाकायचा, कुण्या मशिनीवर बसवलं होतं त्याचा नंबर मागायचा. सोयाबीन दोन्ही बाजूंनी पिवळं पडत चाललं होतं. त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

मयुरी पत्र्याच्या सावलीत बसून मुगाच्या शेंगा फोडत होती. त्याला पाहून तिनं खाट टाकली, पाणी आणलं.

"सांग मले, काय झालं?"

तिनं सांगितलं. फार सांगण्यासारखं नव्हतंच. नंबर आला, खुर्चीवर बसली, सरावासाठी दोन मिनिटं होती. 'क' दाबला तर काना उमटला. तिला वाटलं, भाषा बदलायची राहिली. तिनं पुन्हा पाहिलं. सगळीच अक्षरं दुसरीकडं होती. तिनं हात वर केला. देखरेखीवरचे सर आले, चांगले होते बिचारे, त्यांनी मशीन तपासली आणि म्हणाले, ताई, यात रेमिंग्टनच आहे, जाहिरातीत लिहिलं होतं ना. मग वेळ सुरू झाली. आजूबाजूला सगळ्यांचे हात चालू झाले. ती एकेक कळ दाबून पाहत राहिली, कुठं काय आहे ते. वेलांटी आधी मारायची की नंतर तेही तिला कळेना.

"नऊ शब्द झाले चाचा," ती म्हणाली.

जहांगीर खाटेवरून उठला. "हे गैर हाये. इनस्क्रिप्ट द्यायलेच पायजे होतं त्यायनं. आजच्या जमान्यात रेमिंग्टन कोण मांगते? मी अर्ज लिहितो. शालिग्राम सरले घेऊन बुलढाण्याले जातो. तू सही कर फक्त..."

तो बोलत होता तोवर मयुरी थांबली. मग तिनं हात पुसले, फोन काढला, ती जाहिरात उघडली आणि चौथं पान त्याच्यापुढं धरलं. नियम अकरावा. मराठी टंकलेखन चाचणी रेमिंग्टन कीबोर्डवर घेण्यात येईल, उमेदवारांनी त्यानुसार सराव करावा. साध्या काळ्या अक्षरांत, सरळ.

"मी दाखवलं होतं तुम्हाले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. नुसतं सांगितल्यासारखं.

जहांगीरनं ती ओळ दोनदा वाचली. आणि मग तो बोलायला लागला. इनस्क्रिप्ट कसं शास्त्रशुद्ध आहे, एकदा हात बसला की हिंदी, गुजराती, बंगाली सगळं त्याच हातानं लिहिता येतं, पुढं सगळीकडं तेच येणार आहे, आज ना उद्या या संस्थांनाही बदलावं लागेल. तो स्वतःचाच आवाज ऐकत होता, आणि त्याला थांबता येत नव्हतं. मयुरीनं चहा आणला. त्यानं तो घेतला, "बरं, पाहू आपण," असं काहीतरी म्हटलं आणि गाडीवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकानातला एक तयार लॅपटॉप उघडला. सेटिंगमध्ये गेला. कीबोर्ड जोडण्याच्या जागी पूर्ण यादी उघडली, जी तो प्रत्येक वेळी काढून टाकायचा. खाली सरकवत गेला. रेमिंग्टनची मांडणी तिथं होती. पहिल्यापासून होती. एकदा निवडायचं, एकदा 'ठीक' म्हणायचं, झालं. चोरीचं काही लागत नव्हतं, इंटरनेटही लागत नव्हतं. मयुरीच्या लॅपटॉपमध्येही ती होतीच, त्यानं फक्त तिच्या नजरेआड केली होती.

त्यानं बोटं कळांवर ठेवली. चिकटवलेल्या अक्षरांकडं न पाहता तो लिहायला लागला आणि त्याची बोटं आपोआप चालली. वीस वर्षं गेली होती, पण एकही अक्षर चुकलं नाही. जुन्या टायपिस्टांच्या शेजारी उभं राहून मशीन तपासायला मारलेल्या त्याच त्या ओळी भराभर उमटत गेल्या. जहांगीर पडद्याकडं पाहत राहिला. क्लासवाल्या सरांपेक्षा चांगलं त्यानं तिला शिकवलं असतं. एप्रिलपासून चार महिने होते. रोज अर्धा तास या स्टुलावर बसवलं असतं तरी ती तीसच्या पुढं गेली असती. सगळ्या तालुक्यात हे शिकवायला त्याच्याएवढा माणूस दुसरा नव्हता, आणि तिनं येऊन विचारलंही त्यालाच होतं.

गुलनार डबा घेऊन आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिला त्यानं सगळं सांगितलं.

"तो जाके बोलो ना उससे," गुलनार म्हणाली.

"गया था मैं. बोलके आया."

"क्या बोलके आए? के गलती मेरी थी, ये बोले?"

जहांगीर समोरच्या टेबलावर स्क्रू शोधायला लागला. गुलनारनं डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला आणि त्या दिवशी पुढं काही विचारलं नाही.

जायचं तर होतंच. पण आज बाजार, उद्या शाळेचे लॅपटॉप, परवा पाऊस, असं करत तो टाळत राहिला. गाडी दोनदा मयुरीच्या गावच्या फाट्यापर्यंत गेली आणि परत आली. काय बोलायचं ते त्याला माहीत होतं. चार शब्द होते. पण ते बोलताना मयुरी आपल्याकडं कसं पाहील, ते त्याला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. सव्वा महिना गेला. तो गेला तेव्हा सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती आणि मयुरी घरी नव्हती.

"देऊळगाव राजाले गेली मामाकडं," जनकाबाईनं सांगितलं. "कापडाच्या दुकानात लागली तिथं. इथं राहून काय करन?"

ती आत गेली आणि जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आली. "हा तुम्हाले द्यायले सांगितला तिनं. दुसऱ्या कोणाले कामी येईन म्हणे."

जहांगीरनं टॉवेल सोडला. त्यानं चिकटवलेली अक्षरं घासून पांढरी पडली होती. किती तास बसली असेल ही पोरगी, त्याच्या मनात आलं.

"जनकाबाई, माह्यामुळं झालं हे," तो म्हणाला. "तिनं मले विचारलं होतं. मी ऐकलं नाही."

जनकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिला राग आला की नाही हे त्याला कळलं नाही. ती म्हणाली, "ते मले सांगून काय फायदा भाऊ? तिले सांगा."

पुढच्या रविवारी तो सकाळच्या बसनं निघाला. बुलढाण्याला गाडी बदलली, चिखलीला चहा घेतला. देऊळगाव राजाला उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एके काळी या गावात तो महिन्यातून दोनदा यायचा. बालाजीच्या मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर ते कापडाचं दुकान होतं. मयुरी गादीवर बसलेल्या दोन बायकांपुढं साड्या उलगडत होती. तिनं त्याला पाहिलं, हातातली साडी पूर्ण उलगडली, त्या बायकांना भाव सांगितला, शेजारच्या मुलीला काही म्हणाली आणि मग बाहेर पायरीवर आली.

"चाचा, तुम्ही? इतक्या दूर?"

"तुलेच भेटाले आलो."

त्यानं बसमध्ये जे जे जुळवलं होतं ते सगळं बाजूला ठेवलं. "माहं चुकलं बेटा. तू कागद दाखवला, मी वाचला नाही. वाचला असता तरी ऐकलं नसतं. मले वाटलं, मले समजते. तुही जागा माह्यामुळं गेली."

मयुरी खाली पाहत होती.

"माहीत हाये चाचा," ती म्हणाली. "मी तवाच क्लासमंदी जाऊन रेमिंग्टन शिकणार होती. एका मैत्रिणीनं तिचा तास देते म्हटलं होतं. पण तुम्हाले समजलं असतं त वाईट वाटलं असतं. म्हणून गेली नाही."

ती रागावली असती, चार माणसांत त्याला बोलली असती, तर त्यानं ते खाली मान घालून ऐकलं असतं, त्याची तयारी त्यानं केली होती. याची तयारी त्यानं केली नव्हती.

त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. "यात टाकलं मी ते आता. कळाही नव्या लावल्या. पुढची जाहिरात निघन, मी स्वतः शिकवतो तुले, दर रविवारी येतो इथं..."

"नको चाचा." ती चटकन म्हणाली, आणि मग मऊपणानं, "सकाळी येते ते दिवस बुडाल्यावर सुटते. घरी मामीचं काम. त्याले हातच लागणार नाही माहा. ज्याले आता लागते त्याले द्या."

आतून दुकानदारानं हाक मारली. "आली," ती म्हणाली. "चाचा, जेवून जा. मामाचं घर इथंच हाये, मागच्या गल्लीत. मामी हाये घरी."

"नाही बेटा, गाडी हाये माही."

"गुलनारचाचीले सलाम सांगजा."

ती आत गेली. त्या दोन बायकांनी तोवर सगळ्या साड्या विस्कटल्या होत्या. मयुरी पुन्हा पहिल्यापासून दाखवायला बसली.

जहांगीर काम करत राहिला. लॅपटॉप येत राहिले, तो ते उघडत राहिला, देत राहिला. कीबोर्डच्या यादीतलं आता तो काही काढत नाही. न्यायला येणाऱ्याला आधी काय काम आहे ते विचारतो आणि समोरचा माणूस बोलत असेपर्यंत हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतो. मयुरीचा लॅपटॉप त्यानं बरेच दिवस फळीवर ठेवला, मग मोताळ्यातल्याच एका बाईला दिला, तिला वकिलाकडं टायपिंगचं काम मिळालं होतं. शालिग्राम सर म्हणतात, जहांगीर, तुझं काम पहिल्यापेक्षा चांगलं चाललं आहे. तो मान हलवतो.

दीड वर्षानं दुसऱ्या एका संस्थेत लिपिकाच्या जागा निघाल्या. जहांगीरनं जाहिरात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, कीबोर्डचा नियम कितव्या पानावर आहे ते पाहिलं आणि ती मयुरीला व्हॉट्सॲपवर पाठवली. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर चार दिवसांनी आलं.

"धन्यवाद चाचा. सध्या जमणार नाही."

त्यानं लिहायला घेतलं. बेटा, एकदा विचार कर, तुझा हात मूळचाच चांगला आहे, तीन महिन्यांत होऊन जाईल, मामाशी मी बोलतो, फीचं मी पाहतो. लांबलचक झालं. त्यानं ते पाठवण्याआधी वाचलं. मग सगळं पुसलं.

"बरं बेटा," एवढंच त्यानं लिहिलं आणि पाठवून दिलं.